इंजिन घरी बांधायचं की गॅरेजला द्यायचं? इंदूरमधल्या नवशिक्यांसाठी

गाडी ऑइल खायला लागली, चढावर दम सोडायला लागली, की आजूबाजूचे दोनच सल्ले देतात: 'इंजिन बांधून टाक' (म्हणजे खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोड) किंवा 'विकून टाक'. पहिला सल्ला पटला की पुढचा प्रश्न येतो, घरी करायचं की मेस्त्रीला द्यायचं? हा प्रश्न अर्धवट आहे. बोरिंग (सिलिंडरचा बोर, म्हणजे आतलं भोक, कापून मोठं करणं), क्रँक ग्राइंडिंग (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा घासून नीट करणं), हेड फेसिंग (इंजिनच्या वरच्या भागाची खालची बाजू सपाट करणं) ही कामं कोणाच्याच घरी होत नाहीत आणि बहुतेक गॅरेजमध्येही होत नाहीत. मेस्त्रीसुद्धा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) टेम्पोत टाकून मशीनशॉपलाच नेतो. घरी करण्यासारखी कामं चार: खोलणं, धुणं, मोजणं आणि जोडणं. खोलायला सगळेच उत्साही असतात. इंजिन चालतं की पुन्हा बसतं, हे मोजण्यावर आणि धुण्यावर ठरतं. या दोन गोष्टींचा कंटाळा येणार असेल तर गॅरेजला पैसे देणं हाच शहाणपणा आहे.

आधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा

कितीतरी इंजिनं विनाकारण खोलली जातात. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा धूर येतो आणि मिनिटभरात थांबतो, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्या. त्यासाठी पूर्ण इंजिन उतरवायची गरज नाही. पाय दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) किंवा बोर. पांढरा धूर, रेडिएटरचं पाणी कमी होणं आणि इंजिन तापणं हे एकत्र दिसलं तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी). पावसाळ्यात घर ते बाजार एवढीच गाडी चालवणाऱ्यांना ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो आणि ते घाबरतात. झाकणाखालीच असेल तर ती बहुतेक वेळा इंजिन पुरतं न तापल्याने आत साचलेली वाफ असते. डिपस्टिकवरही दुधाळ दिसलं तर मात्र पाणी ऑइलमध्ये गेलं आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साचणाऱ्या वायूंना वाट देणारा) तुंबला तरी गाडी ऑइल खाते, आणि तो बदलायला दहा मिनिटं लागतात. तो आधी तपासा.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, बघा. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इग्निशनची जोडणी आणि पेट्रोलचा पुरवठा तोडा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून पाच-सहा फेरे स्टार्टर फिरवा. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १५० ते १८० पीएसआय दाखवतं. १२० च्या खाली गेलं, किंवा दोन सिलिंडरांत १५ पीएसआयपेक्षा जास्त फरक आला, तर काम आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब पाच-सहा टक्के कमी असतो. त्यामुळे आकडा मॅन्युअलपेक्षा थोडा कमी आला म्हणून लगेच पाने काढू नका. सिलिंडरांमधला फरक जास्त खरं सांगतो.

जो सिलिंडर कमी दाखवतो, त्यात प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल घाला आणि पुन्हा मोजा. आकडा झपाट्याने वर गेला तर रिंगा-बोर झिजलेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलं आहे. एवढ्या एका चाचणीतून कळतं की हेडचं काम आहे की खालचं.

पैसा नेमका कुठे वाचतो

पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट यांची किंमत घरी केलं तरी तेवढीच आणि गॅरेजला दिलं तरी तेवढीच. मशीनशॉपचं बिलही तेच. वाचते ती फक्त मेस्त्रीची मजुरी. तिच्यातून पहिल्या खेपेला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट कसायचा पाना), रिंग कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मायक्रोमीटर आणि भाड्याची इंजिन क्रेन एवढं निघायचं असतं. एकाच गाडीसाठी फक्त बचत म्हणून घरी इंजिन खोलू नका, हिशेब जमत नाही. शिकायचं आहे, गाडी जिवाभावाची आहे आणि प्रत्येक बोल्ट आपल्या हातून कसला गेला याची खात्री हवी आहे, ही कारणं पुरेशी आहेत.

गाडी कोणती, तेही बघा. शिकायला मारुती ८०० किंवा ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं जुनं इंजिन उत्तम: बोर ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२, एकच कॅम, भाग सहज मिळणारे आणि वजन दोघांना आवरेल एवढं. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी तिच्यावर हात बसलेले मेस्त्री गल्लोगल्ली आहेत, अडलात तर विचारता येतं. कॉमन रेल डिझेलच्या मागे मात्र घरी लागू नका. इंजेक्शनचा दाब हजार बारच्या वर, टर्बो, टायमिंग चेन, एकदाच वापरायचे हेड बोल्ट. तिथे छोटी चूक मोठं बिल आणते. रोज ऑफिसला जायची एकुलती एक गाडी असेल तरीही गॅरेजच बरं. घरचं काम दोन रविवारांत उरकत नाही, महिना धरून चाला.

गॅरेजला देणार असाल तर

काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या: कोणते भाग बदलणार, कोणत्या कंपनीचे, बोर किती ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठा) होणार, क्रँक किती अंडरसाइझ (मूळ मापापेक्षा बारीक) होणार, वॉरंटी किती दिवस आणि किती किलोमीटर. जुने भाग परत मागा. हे सांगायला लाजू नका. चांगला मेस्त्री स्वतःच पिशवीत बांधून देतो. मोजमाप होताना हजर राहायचं आहे, हे आधीच सांगून ठेवा.

'बोर ठीक आहे, रिंग-बेअरिंग टाकून देतो' हे वाक्य ऐकलं की आकडा विचारा. बोर वर रुंद आणि खाली अरुंद झिजलेला असतो. अशा बोरमध्ये नवी रिंग टाकली की ती प्रत्येक फेऱ्यात पसरते-आकसते, भिंतीला नीट बसत नाही, आणि काही हजार किलोमीटरांत गाडी पुन्हा ऑइल खायला लागते. हे स्वस्तातलं काम सगळ्यात महाग पडतं.

घरी करणार असाल तर: जागा आणि खोलणं

तळमजल्यावरचं, छप्पर असलेलं, पक्क्या सपाट फरशीचं पार्किंग हवं. राजेंद्र नगर, लोकमान्य नगरच्या जुन्या घरांत अशी जागा निघते. फ्लॅटच्या सामाईक पार्किंगमध्ये सोसायटीशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नका. चेन पुली बाल्कनीच्या कठड्याला किंवा स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला कधीही टांगू नका. एक टनाची चाकांची इंजिन क्रेन भाड्याने आणा. पाने आणि सॉकेट सियागंजात मिळतील, पण टॉर्क रेंचवर पैसे वाचवू नका. आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका. इथल्या पावसाळी हवेत उघडा बोर एका रात्रीत गंजतो.

इंजेक्शनची गाडी असेल तर सगळ्यात आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. ऑइल आणि कूलंट गाळून घ्या. प्रत्येक नळी, प्रत्येक वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो, आणि दोन्ही टोकांना सारखाच नंबर लिहिलेली टेप. बोल्ट एका डब्यात टाकू नका. ज्या भागाचे त्याच्या नावाच्या पिशवीत. एकाच झाकणाला दोन लांबीचे बोल्ट असतात, आणि लांब बोल्ट आखूड भोकात कसला तर ॲल्युमिनियम तडकतं.

टायमिंग बेल्ट काढण्याआधी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून खुणा जुळवा, फोटो घ्या. हेड पूर्ण थंड असतानाच खोला. बोल्ट बाहेरून आत, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे सैल करा. एकदम सोडले तर हेड वाकतं. हेड चिकटून बसलं तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, त्या ओरखड्यातून पुढे गॅस्केट गळतं. रबरी हातोड्याने कडेला ठोका.

पिस्टन वर ढकलण्याआधी बोरच्या वरच्या कडेवर नख फिरवा. नख अडलं तर तिथे पायरी झाली आहे. ती न काढता पिस्टन ढकलला तर त्याच्या रिंगांमधली भिंत तुटते. कनेक्टिंग रॉड आणि तिची कॅप ही जोडी असते. कोणती कॅप कोणत्या रॉडची आणि कोणत्या दिशेने, हे सोडण्याआधी दोन्हींवर खूण करून ठेवा. रॉडच्या बोल्टांवर पेट्रोल पाइपाचे छोटे तुकडे चढवा, नाहीतर बाहेर काढताना बोल्टचं टोक क्रँकला चरा पाडतं.

काढलेल्या बेअरिंगच्या पट्ट्या टाकून देऊ नका. त्या क्रमाने मांडा आणि नीट बघा, इंजिनचा सगळा इतिहास तिथे असतो. सारखी करडी, मंद पृष्ठभागाची पट्टी म्हणजे साधी झीज. गोलाईने गेलेल्या बारीक रेघा म्हणजे ऑइलमध्ये कचरा होता, फिल्टर किंवा एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झालं आहे. तांबूस रंग उघडा पडला असेल तर वरचा थर संपला आहे आणि ऑइलचा दाब केव्हाच कमी झाला होता. एकाच कडेला चकाकी असेल तर रॉड वाकलेली असण्याची शक्यता आहे, ती मशीनशॉपला दाखवा. कारण न शोधता नवी बेअरिंगं टाकली तर ती त्याच वाटेने जातील.

मशीनशॉपमध्ये काय सांगायचं

ब्लॉक, क्रँक, रॉड आणि हेड घेऊन जा. मायक्रोमीटर आणि डायल बोर गेज दोन्ही असलेलं दुकान शोधा. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात चौकशीला सुरुवात करता येईल. बोटाने चाचपून 'चालेल' म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका. प्रत्येक बोर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर आडवा-उभा, असा सहा ठिकाणी मोजून आकडे लिहून घ्या. त्यांतला फरक ०.१० मिमीच्या पुढे गेला तर बोर करायलाच हवा. ओव्हरसाइझ पिस्टन साधारणपणे ०.२५ आणि ०.५० मिमीचे मिळतात.

इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी पिस्टन विकत घ्या, मग बोर करा. डब्यावर ०.५० लिहिलं असलं तरी पिस्टनांत बारीक फरक असतो, आणि पिस्टन-बोर यांच्यात फक्त ०.०२ ते ०.०४ मिमी मोकळीक ठेवायची असते. म्हणून प्रत्येक बोर त्याच्या पिस्टनच्या मापाने कापून घ्या आणि पिस्टनवर नंबर घाला. शेवटचं होनिंग (दगडाने बोरची भिंत घासणं) तिरप्या जाळीचं हवं. त्या बारीक रेघांत ऑइल धरलं जातं. आरशासारखा गुळगुळीत बोर दिसला तर तो परत करा.

हेडची फेस सरळपट्टी आणि फीलर गेजने तपासतात. ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग, पण लागेल तेवढंच. जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकायला लागतं. गाडी एकदा जरी तापून बंद पडली असेल तर तड्यांची चाचणीही सांगा. व्हॉल्व्ह सीट कापून लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणं) झाल्यावर हेड पोर्टचं तोंड वर येईल असं कडेवर धरून पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओता. व्हॉल्व्हच्या कडेने पाझरलं नाही तरच काम झालं.

क्रँक ग्राइंड करायचा असेल तर ०.२५ अंडरसाइझ, आणि ऑइलच्या भोकांच्या कडा गोलसर करून घ्या. क्रँक परत आला की त्याची भोकं स्वतः साफ करा.

धुणं

इथेच बहुतेक घरची इंजिनं मरतात. होनिंगनंतर बोरच्या रेघांत दगडाची बारीक पूड बसते. पेट्रोल किंवा रॉकेलने ऑइल निघतं, पण पूड तिथेच राहते आणि पहिल्या तासात नव्या रिंगा खाते. त्यासाठी गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश लागतो. घासा, पाण्याने धुवा, पांढऱ्या सुती फडक्याला थोडं ऑइल लावून बोर पुसा. फडकं करडं आलं की पुन्हा धुवा. तीन-चार वेळा तरी लागतं, कधी जास्त. फडकं पांढरं राहिलं की थांबायचं, आणि त्याच क्षणी हवा मारून वाळवून बोरला ऑइल चोळायचं. जेवून येऊन करू म्हटलं तर तोवर तांबूस छटा आलेली असते.

ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे (ऑइल वाहणाऱ्या आतल्या वाटांचे) प्लग काढून लांब ब्रश आत-बाहेर फिरवा, कॉम्प्रेसरने हवा मारा. क्रँकच्या भोकांतही तसंच. प्लग परत बसवायला विसरू नका, एक जरी राहिला तरी ऑइलचा दाब बनत नाही. हेड बोल्टची भोकंही कोरडी हवीत. भोकात पाणी किंवा ऑइल साचलेलं असताना बोल्ट कसला तर दाबाने ब्लॉक तडकतो.

जोडणं

टॉर्कचे आकडे तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचे किंवा अंदाजाचे नाहीत. 'हाताला कळतं' हे शंभर इंजिनं बांधलेल्याच्या हाताला कळतं.

आधी मेन बेअरिंग कोरडी बसवा, क्रँक ठेवा, प्रत्येक जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये बसणारा गुळगुळीत भाग) प्लास्टिगेजचा (दाबल्यावर चपटा होणारा मऊ प्लास्टिकचा बारीक धागा) तुकडा क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवून कॅप पूर्ण टॉर्कने कसा. क्रँक अजिबात फिरवू नका. कॅप काढून चपट्या झालेल्या पट्टीची रुंदी वेष्टनावरच्या मापाशी जुळवा. ०.०२ ते ०.०५ मिमी आलं तर ठीक. जास्त आलं तर गरम इंजिनमध्ये ऑइलचा दाब पडेल, कमी आलं तर बेअरिंग चिकटेल. रॉडच्या बेअरिंगचंही असंच. प्लास्टिगेज पुसून, असेंब्ली ल्युब किंवा स्वच्छ ऑइल लावून मग कायमचं कसा. क्रँक पुढे-मागे ढकलून थ्रस्टची मोकळीक बघा, साधारण ०.१ ते ०.३ मिमी. दर कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवा. कोणत्या कॅपनंतर तो जड झाला हे तेव्हाच कळलं तर लगेच दुरुस्त करता येतं.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक बोरमध्ये घालून, उलट्या पिस्टनने सरळ खाली सरकवून फट मोजा. ६८.५ मिमी बोरला वरच्या रिंगची फट ०.२० ते ०.३० च्या दरम्यान चांगली. फट कमी असेल तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांवर आदळतात, रिंग तुटते आणि बोरला चर पडतो. बारीक कानसीने एकाच टोकाला, बाहेरून आत, अगदी हलक्या हाताने घासा. रिंगवरचं अक्षर वरच्या बाजूला, पिस्टनवरचा बाण टायमिंगच्या बाजूला. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देऊ नका, १२० अंशांनी वळवा. ऑइल रिंगच्या एक्स्पांडरची (मधल्या लवचिक कडीची) टोकं एकमेकांवर चढली नाहीत ना, हे तर दोनदा बघा. हे चुकलं तर नवं इंजिन पहिल्या दिवसापासून धूर ओकतं.

रिंग कॉम्प्रेसर लावून हातोड्याच्या लाकडी दांड्याने पिस्टन हळूहळू आत ठोका. मध्येच अडला तर थांबा. रिंग बाहेर निसटून ब्लॉकच्या कडेवर बसलेली असते, आणखी एक ठोका दिला की ती मोडते.

ऑइल पंप कोरडा बसवू नका, ऑइलने भरून बसवा. चेंबरला (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) सिलिकॉन लावताना बारीक रेघ पुरे. जाड थर आत पिळून निघतो, तुटून ऑइलमध्ये पडतो आणि पंपाची जाळी बंद करतो. हेड गॅस्केट कोरडंच ठेवा, मॅन्युअलने वेगळं सांगितलं असेल तरच काही लावा. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत. टायमिंग बेल्ट चढवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल. शेवटी टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट मॅन्युअलच्या मापाने लावा.

पहिल्यांदा चालू करताना

साधं मिनरल ऑइल भरा, २०डब्ल्यू-४० चालेल. पूर्ण सिंथेटिक सध्या नको, रिंगा बसायला थोडं घर्षण लागतं. प्लग काढलेलेच ठेवून, इग्निशन आणि पेट्रोल तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर दहा-दहा सेकंद थांबून थांबून फिरवा. दिवा विझला नाही तर पुढे जाऊ नका, पंप आणि गॅलरीचे प्लग तपासा.

इंजिन लागल्यावर पंधरा-वीस मिनिटं दीड-दोन हजार आरपीएमच्या दरम्यान ठेवा, गळती आणि तापमान बघा. 'रात्रभर आयडलवर सोडा, मोकळं होईल' हा सल्ला इथे अजून ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. आयडलवर रिंगांमागे दाब नसतो, बोर चकचकीत होतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत. गाडी रस्त्यावर काढा. बायपासवर एकाच वेगाने पळवण्यापेक्षा महू-मानपूरचा रस्ता बरा: मध्यम दाब देऊन वेग वाढवा, मग गियरमध्येच पाय सोडून कमी होऊ द्या, असं वीस-पंचवीस वेळा. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर नको, चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढणं नको, मे महिन्याच्या दुपारी राजवाड्याच्या कोंडीत अडकणं तर नकोच. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा बघा. १५०० ला ऑइल पुन्हा बदला. पहिल्या ऑइलमध्ये बारीक चमक दिसेल, ती चालते; बोटाला टोचणारे कण दिसले तर चेंबर खोला.

कागद आणि जुनं ऑइल

ब्लॉक तडकला आणि भंगारातून दुसरा आणायचा झाला, तर लक्षात ठेवा की इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तो आरसीत लिहिलेला असतो. दुसरा ब्लॉक बसवण्याआधी आरटीओची परवानगी लागते आणि बदलाची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. त्यासाठी ब्लॉकचं बिल हवं. बिल न देणाऱ्याकडून ब्लॉक घेऊ नका, तो चोरीच्या गाडीचा निघाला तर एमपी-०९ ची तुमची गाडी जप्त होईल. गॅरेजला काम दिलं असेल तर गाडी ताब्यात घेताना ब्लॉकवरचा नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा.

काढलेलं ऑइल डब्यात साठवा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. ते घातक कचऱ्यात मोडतं. गटारात किंवा कचरागाडीच्या ओल्या-सुक्या डब्यांत ते जाता कामा नये. कूलंट वेगळ्या डब्यात आणि झाकण लावून ठेवा. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि ते विष आहे.